भेगांची कमान

काळ्या जमिनीला भेग पडताना आवाज होत नाही. लहानपणी तो ऐकण्यासाठी मी बांधावर बसून राहिलेली आहे, म्हणून हे खात्रीने सांगते. ज्वारी घरी आलेली असते, शेतात नुसती धसकटे उरलेली असतात, आणि एखाद्या सकाळी पायाखालची माती केसाएवढी उसवलेली दिसते. काही दिवसांनी त्या उसवणीत बोट जाते, पुढे मनगट जाते. वैशाख संपत आला की आमच्या सास्तूरच्या शिवारात बैलाचा खूर अडकेल अशा भेगा असतात आणि जाणती माणसे गाडीवाट सोडून बैल हाकत नाहीत.

यंदा रजेवर घरी आले ती नेमकी याच दिवसांत. एरवी मी सह्याद्रीच्या पोटात, नव्या बोगद्याच्या कामावर असते. तिथे खडकाला बाराही महिने घाम फुटलेला असतो आणि ऋतू फक्त पंपांच्या आवाजावरून ओळखायचा. त्यामुळे घरी उतरल्या उतरल्या मी आधी शेतात गेले. उकिडवी बसले. एका भेगेत हात घातला. वरची माती तव्यासारखी तापलेली, आत कोपरापाशी मात्र गारवा. मागच्या पावसाची ओल तिथे अजून शिल्लक होती. हाताला तो गारवा लागला आणि मला तो दुसरा उन्हाळा आठवला: बोगद्याच्या तोंडाचा, गफूरचाचांचा, अहवालातल्या एका शब्दावरून महिनाभर चाललेल्या झुंजीचा.

भेगांचे शास्त्र मला पाठ आहे. या मातीतले खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. आकसताना ताण सोसवत नाही, तेव्हा ती फाटते. चिखल पहिल्यांदाच वाळत असेल, तर एक भेग आधी पडते, दुसरी मागून येऊन तिला काटकोनात धडकते. पण तीच जमीन वर्षानुवर्षे भिजत आणि वाळत राहिली, की भेगा जुन्याच जागी उघडतात आणि त्यांचे सांधे हळूहळू सरकतात. शेवटी तीन भेगा एका बिंदूत सारख्या अंतराने भेटतात, मधमाशीच्या पोळ्यात भेटतात तशा. सांधा पाहिला की जमीन नवी की जुनी हे सांगता येते. हे मी विद्यापीठात शिकले. भेगेकडे बघायचे कसे, हे मात्र त्याच्या फार आधी आईकडून शिकले होते.

भूकंपात आमच्या गावातली दगडमातीची घरे कोसळली तेव्हा मी जन्मायची होते. माझा थोरला भाऊ तेव्हा आमच्या घरात होता. त्याच्याबद्दल आई बोलत नाही. पुनर्वसनात मिळालेल्या घरात ती राहायला आली तेव्हापासून तिची एक रीत आहे. भिंतीला कुठेही बारीकशी भेग दिसली, की ती चुलीतल्या कोळशाने भेगेच्या टोकाशी एक आडवी रेघ ओढते आणि रोज सकाळी झाडलोट करताना त्या रेघेवर बोट ठेवते. भेग रेघ ओलांडून पुढे गेली का, एवढेच तिला पाहायचे असते. घर लिंपले, रंगवले, चूल जाऊन गॅस आला. कोळसा मात्र आजही देवळीत जपून ठेवलेला आहे. पुढे मी बोगद्यांत भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवायला शिकले. खडक हलला तर काच तडकते. प्राध्यापकांनी ती पद्धत समजावून सांगितली तेव्हा मला हसू आवरले नाही. आमच्या स्वयंपाकघरात ती कधीची चालू होती.

दगडाच्या कमानीखाली आई उभी राहत नाही. नळदुर्गचा किल्ला दाखवायला शाळेने आम्हाला नेले तेव्हा ती सोबत आली होती, आणि दरवाजाबाहेरच्या हॉटेलात बसून राहिली होती.

तर तो उन्हाळा. पदव्युत्तर परीक्षा होऊन पुरते वर्षही झाले नव्हते आणि बालाघाटाच्या एका टेकडीतल्या जुन्या बोगद्याची पाहणी माझ्याकडे आली. एकटीने करायचे पहिलेच काम. परदेशातल्या एका विद्यापीठात माझा संशोधनाचा अर्ज पडून होता, आणि या कामाच्या जोरावर तो वर येईल असा माझा हिशोब होता. तेव्हा मला प्रत्येक गोष्ट कशाची तरी पायरी वाटे.

विलायतेच्या राणीच्या राज्याच्या अखेरच्या काळात या टेकडीतून अरुंद रुळांची गाडी काढली होती. भोवतालचा मुलूख निजामाचा, रूळ विलायतेच्या कंपनीचे. गाडी केव्हाच बंद पडली, रूळ उचलले गेले. मग बैलगाड्या आणि मोटारसायकली त्या बोगद्यातून जाऊ लागल्या, आणि दुपारी शेळ्या सावलीला बसू लागल्या. आता तिथून रुंद रस्ता न्यायचा होता. बोगदा मोठा करायचा, म्हणजे त्याचे दगडी तोंड उतरवणे आले. ते उतरवून थोडे पुढे, रस्त्याच्या कडेला पुन्हा उभारावे असे ठरले होते, कारण ते तोंड साधे नव्हते.

मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा अवाक झाले. आजूबाजूला बाभळी, टणटणी, खडीचे ढीग. आणि त्यामधून एखाद्या राजवाड्याचे प्रवेशद्वार उभे असावे तशी ती कमान. दोन्ही अंगांना बुरुजांसारखे फुगीर स्तंभ, माथ्यावर दात काढलेला कठडा, त्याखाली दगडी कंगोऱ्यांची दुहेरी पट्टी. मधोमध कळीचा दगड, त्यावर पानांची चक्राकार माळ. एका लहानशा गाडीला डोंगरात शिरण्यासाठी एवढा थाट कशाला, असा प्रश्न मला पडला. माझ्या शिक्षणात शोभेला उपयोगाचा दाखला द्यावा लागतो. पुढे उमगले, की अंधारात शिरणाऱ्या माणसाला बाहेर थोडा धीर द्यावा लागतो. नव्या बोगद्यांच्या तोंडाशी आम्ही सिमेंट फवारून मोकळे होतो आणि धीर द्यायचे काम दिव्यांवर सोपवतो.

पण कमानीचे दोन अर्धे भाग सारखे नव्हते. डाव्या अर्ध्यातल्या प्रत्येक दगडाच्या दर्शनी अंगावर वळवळत्या खोबणी कोरलेल्या होत्या, जणू लाकडाला कीड लागून ती आतून पोखरत गेली आहे. विलायतेत ही नक्षी मानाची समजली जाई. मोठ्या इमारतींच्या जोत्यावर, दरवाजांवर ती मुद्दाम घालत, दगड पुरातन दिसावा म्हणून. उजव्या अर्ध्यात ही कीड नव्हती. तिथे सरळ, कोनदार, एकमेकींत मिसळणाऱ्या रेघांचे जाळे होते.

रस्त्याच्या कामावर नेमलेले वारसा सल्लागार शहरातून आले, त्यांनी लांबून फोटो काढले आणि निकाल दिला. "डावी बाजू मूळची. उजवी कधीतरी ढासळली असणार, आणि कुणा अडाण्याने अंदाजाने भरून काढली. सदोष दुरुस्ती. डावे दगड आपण नंबर घालून जपू, आणि उजवीकडे त्यांचीच नक्कल बसवू."

"आणि उजवीकडचे दगड?" मी विचारले.

"खडीला जातील. क्रशर जवळच आहे ना?"

सल्लागार सर वाईट नव्हते. नीटनेटकेपणा त्यांना प्रिय होता, आणि त्यांच्या डोळ्यांना ती कमान अर्धी चुकलेली दिसत होती. फक्त तांत्रिक पाहणीचा अहवाल त्यांना हवा होता, तो माझ्याकडून यायचा होता, आणि 'सदोष दुरुस्ती' हे शब्द त्यात असावेत अशी त्यांची सूचना होती.

गफूरचाचा त्याच दिवशी संध्याकाळी भेटले. पायथ्याच्या वस्तीत राहणारा म्हातारा पाथरवट, डोळ्यांवर जाड भिंगे, तरी समोरचे माणूस धुराआडून पाहावे तसे दिसणारे. घराणे मूळचे नळदुर्गचे. बोगद्याच्या कामासाठी आले आणि इथेच राहिले. पाटे-वरवंटे घडवणे, जात्याला टाकी लावणे, कबरीचे दगड काढणे हा त्यांचा जन्मभराचा धंदा. मिक्सर आल्यापासून शेवटचे तेवढे उरले होते.

कमानीच्या उजव्या खांबाला पाठ टेकवून ते बसले होते. मी जवळ गेले तशी त्यांनी न पाहताच विचारले, "सायब काय म्हणला, बेटी?"

मी सांगितले. लपवण्याचे कारण नव्हते.

त्यांनी पाठ खांबापासून सोडवून घेतली. मग म्हणाले, "दुरुस्ती न्हाय ती. आमच्या दादाचं काम हाय." दादा म्हणजे त्यांचे आजोबा. "डावी बाजू दुसऱ्या टोळीनं केली, उजवी दादाच्या टोळीनं. एकाच टायमाला. गोऱ्यानं कागद दिला हुता दोघांनाबी. त्या टोळीनं कागदावानी केलं."

"आणि दादांनी?"

"दादानं हे केलं."

खोदकामावर आलेली सुमनबाई घमेले उतरवून आमचे ऐकत उभी होती. जीभ तिची भलतीच धारदार. "आन तवापासून ह्यांच्या घरादाराला भेगवाले म्हणत्यात, म्याडम. भेगवाल्याचा गफूर! माजी सासू सांगायची, ह्यांच्या दादानं बोगदा बांधला का नांगरट केली त्येच कळंना."

"तुजी सासू मेली, तरी तिची जीभ तू घिऊन फिरतीस व्हय गं?"

"तिनं दुसरं काय ठिवलंच न्हाय मला!"

दोघेही हसले. पण सुमनबाई घमेले उचलून गेली तेव्हा चाचांचे हसू तिथल्या तिथे विरले. "म्या शाळंत हुतो तवापास्नं ऐकतोय. चुकलेल्याची औलाद. लग्नात, उरुसात, कुठंबी. कबरीच्या दगडावर नाव कोरायला दिलं की लोक म्हणायचे, बघ हां चाचा, नीट काढ, तुमच्यात चुकायची सवय हाय." त्यांनी खांबावरून हात फिरवला. "दगुड हाय तवर म्हणायला तरी जागा हाय, की बाबा, बघा, वाईट हाय का हे काम? त्याचीच खडी झाली, मंग चूक तेवढी ऱ्हाईल."

हे त्या उन्हाळ्याचे सगळे ओझे. एका म्हाताऱ्याच्या घराण्याने जगात उभी केलेली एकमेव गोष्ट माझ्या अहवालावर तोलून धरलेली होती. आणि मला त्यातून परदेशी जायचे होते.

मी कामाला लागले. सकाळी ऊन चढायच्या आत कमानीवर चढायचे, दुपारी बोगद्यात बसून टिपणे करायची. बोगद्यातली ती दुपार मला अजून आठवते: बाहेर पांढरे जळजळीत ऊन, आत शेळ्यांचा उग्र वास, मडक्यातल्या पाण्याचा मातकट गोडवा, आणि दोन्ही टोकांना उजेडाची दोन नाणी. वारा एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून जाताना हलके घुमायचा. सुमनबाई भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणायची आणि मी नको म्हटले तरी माझ्या डब्याच्या झाकणात वाढायची.

दुरुस्ती की मूळ, या प्रश्नाचे उत्तर दगडाकडे असते. उघड्यावर राहिलेल्या बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची, कातडी हळूहळू तांबूस होत जाते. ती किती खोल मुरली आहे यावरून दोन दगड किती काळ उघड्यावर आहेत हे ताडून पाहता येते. डाव्या आणि उजव्या दगडांची ही कातडी सारखी निघाली. दोन्हीकडच्या सांध्यांतला चुना सारखा, त्यातली विटांची भुकटी सारखी, आणि मधल्या कळीच्या दगडाखाली तो सलग वाहत गेलेला होता. म्हणजे दोन्ही बाजू एकाच हंगामात उभ्या राहिल्या होत्या. चाचा खरे बोलत होते.

मग मी नक्षीकडे वळले. उजव्या बाजूचे जाळे कागदावर उतरवून घेतले आणि प्रत्येक सांध्याचा कोन मोजला. काटकोन जवळपास नव्हतेच. तीन-तीन रेघा सारख्या अंतराने भेटत होत्या. हे जाळे कुणी डोक्यातून काढलेले नव्हते. वर्षानुवर्षे एकाच जागी फाटणारी जुनी काळी जमीन कुणीतरी बारकाईने पाहिली होती. मी पेन्सिल खाली ठेवली. विलायतेहून आलेल्या कागदावर कीड होती. कोरणाऱ्याने त्याजागी आपल्या पायाखालचा वैशाख ठेवला होता.

चाचांना मी हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली. मला तिची थोडी भीती वाटली.

"मंग लिवा की. दादानं मुद्दाम केलं म्हणून लिवा."

"चाचा, दोन्ही बाजू एका वेळच्या आहेत, हे मी लिहिणार. दगड क्रशरला जाऊ नयेत, हेही लिहिणार. पण मुद्दाम की चुकून, हे दगडावरून कसं सांगू? कदाचित त्यांना तो कागद समजलाच नसेल. वळवळत्या रेघा बघून त्यांना भेगाच वाटल्या असतील."

"म्हंजी तुमीबी चूकच म्हणताय."

"मी काहीच म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणते."

"चूक न्हाय असं म्हणायला शिकल्याली माणसं कशापायी एवढी भेत्यात?"

ते उठून गेले. पुढचे काही दिवस आले नाहीत. उजव्या खांबाशी त्यांच्या बसण्याची जागा तेवढी गुळगुळीत दिसत राहायची. मला राग आला होता, आणि तो त्यांच्यावर नव्हता. माझ्या शास्त्रावरही नव्हता. ज्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या नाहीत, ज्यांना साक्षीदार उरला नाही, त्यांच्याविषयी 'माहीत नाही' म्हणणे प्रामाणिकपणाचे असते. पण 'माहीत नाही' या दोन शब्दांच्या रिकाम्या जागेत नेहमी कुणाचा तरी टोमणा राहायला येतो, हे मला तेव्हा कळले.

सरांचा फोन येत होता. "एका शब्दासाठी काम कशाला अडवतेस?" ते म्हणायचे. "दोन्ही बाजू एका काळच्या असतील, मान्य. मग 'सदोष दुरुस्ती'ऐवजी 'सदोष कारागिरी' लिही. सदोष आहेच ना ती? नकाशाप्रमाणे नाही."

तर्क बिनचूक होता. दगड तरीही खडीला जात होते.

पाया पाहिल्याखेरीज तोंड उतरवता येत नाही. त्यामुळे दोन्ही खांबांच्या बुडाशी चर खणायला घेतला. रुळांची जुनी खडी, तिच्यावर वर्षानुवर्षांची माती. खांबांचे पाय त्यात गाडले गेले होते. डावीकडे जे अपेक्षित तेच निघाले: कीड थेट पायापर्यंत. उजवीकडे सुमनबाई कुदळ चालवत होती. थोड्या वेळाने तिची हाक आली, आणि त्या हाकेत नेहमीचा टोमणा नव्हता.

"म्याडम, इकडं या. हितं निराळंच हाय."

मी चरात उतरले. उजव्या खांबाचा सर्वांत खालचा दगड, ज्यावर बाकी सगळे रचले होते, तो मी ब्रशने साफ करू लागले. माती निघत गेली तशा खोबणी दिसू लागल्या. वळणदार, वळवळत्या, एकसारख्या खोलीच्या. कीड. डावीकडच्या कुठल्याही दगडापेक्षा रेखीव, कडा अजून धारदार, कारण ऊनपावसाने त्यांना कधी स्पर्शच केला नव्हता. दगडाचे सगळे दर्शनी अंग भरून ती नक्षी पुरी केलेली होती. आणि त्याच्या वरच्या दगडापासून भेगा सुरू होत होत्या.

मी तिथेच चरात बसले. दादांना कागद समजला होता. हात बसलेला होता. एक अख्खा दगड त्यांनी साहेबाच्या मनासारखा केला होता, तो पायाच्या तळाशी घातला होता, आणि मग छिन्नी थांबवून दुसरेच काही सुरू केले होते.

सुमनबाई न सांगता वस्तीकडे गेली आणि चाचांना हाताला धरून घेऊन आली. त्यांना चरात उतरवायला आम्हा दोघींचा आधार लागला. डोळ्यांचा उपयोग नव्हता. त्यांनी भिंगे काढून खिशात ठेवली आणि दोन्ही हात दगडावर ठेवले. बोटे एका खोबणीत शिरली, वळणावरून फिरली, पुढच्या खोबणीत गेली. फार सावकाश. शेवटी ती वरच्या दगडावर चढली, पहिल्या भेगेत जाऊन थांबली, पुन्हा खाली आली.

"येत हुतं," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "येत हुतं दादाला."

सुमनबाईने पदराने डोळे पुसले आणि लगेच स्वतःला सावरून म्हणाली, "मंग येत हुतं तर केलं का न्हाय? गोऱ्याला चिडवायला?"

"ते त्येलाच ठावं." चाचांची बोटे खोबणीतच होती. "पिकाला कीड लागल्याली त्यानं लई बघितली. दगडाला कोण लावील? ह्ये माज्या मनातलं झालं, बेटी. तुमच्या कागदावर नगा घालू."

मग ते म्हणाले, की काम झाले की हा दगड पुन्हा मातीत जाऊ द्या. मी चकित झाले. ज्या एका दगडाने सगळ्या गावाचे तोंड बंद झाले असते, तो झाकायचा? तो वर, लोकांना दिसेल असा बसवता आला असता.

"फोटू काडा, लिवा, सगळ्यास्नी सांगा. पर दगुड दादानं जितं ठिवला तितंच ऱ्हाऊ द्या. त्येला हे वर दावायचं नव्हतं. आता माज्यासाटी कशाला दावायचं?"

मी फोटो पाठवले. सरांचा लगेच फोन आला. दगड उजव्या खांबाचाच ना, एवढे विचारले. मग म्हणाले, "'सदोष' काढ. दोन्ही बाजू आहेत तशा जपू." ते पुढे काय बोलले ते आठवत नाही. अहवालात मी लिहिले, की उजवी बाजू डावीच्याच काळातली आहे. कोरणाऱ्यांना मूळ नक्षी अवगत होती, याला पायाच्या दगडाचा पुरावा आहे. ती सोडून वेगळी नक्षी का निवडली, हे उपलब्ध पुराव्यावरून सांगता येत नाही. 'निवडली' या क्रियापदावर मी एक संध्याकाळ घालवली होती. पुराव्याच्या बाहेर न जाता जिथवर जाता येत होते, तिथवर ते जात होते. पायाचा दगड पुन्हा पायातच, जमिनीखाली बसवावा, अशी शिफारसही जोडली. परदेशचा तो अर्ज पुढे नामंजूर झाला. मला वाटले होते तेवढे वाईट वाटले नाही.

हे सारे यंदा शेतात, भेगेत हात घालून बसले असताना आठवले. घरी आले आणि आईला म्हटले, "चल, तुला माझी कमान दाखवते."

"दगडाची व्हय? मी न्हाय येत."

"खाली उभी राहू नकोस. लांबून बघ."

ती आली. का आली, मला माहीत नाही. कदाचित मी पुन्हा दूर जाणार म्हणून. नळदुर्गला चहा घेतला, मालट्रकांच्या रांगा मागे टाकल्या आणि दुपार कलताना टेकडीशी पोचलो. रस्ता आता रुंद झाला आहे, नवा बोगदा काळाभोर डोळ्यासारखा पुढे दिसतो. त्याच्या अलीकडे, कडेच्या काळ्या मातीत, जुनी कमान एकटी उभी आहे. तिच्यातून आता कुठे जाता येत नाही. शेजारी एक फलक आहे, त्यावर माझ्या अहवालातली दोन वाक्ये आहेत आणि चूक हा शब्द नाही.

गफूरचाचा उजव्या खांबाशी बसलेले होते. आता अजिबात दिसत नाही त्यांना, पण नातू रोज संध्याकाळी आणून बसवतो. माझा आवाज ओळखला. "आली का गं, बेटी? ह्या कोण?"

"माझी आई. सास्तूरची."

"सास्तूर," ते म्हणाले, आणि पुढे काही विचारले नाही. आमच्या जिल्ह्यात सास्तूर म्हटल्यावर वयस्क माणूस क्षणभर गप्पच होतो.

आई लांब उभी होती. ती कमानीकडे पाहत नव्हती. खाली पाहत होती. तेव्हा मीही पाहिले. त्या उन्हाळ्यात खांबांच्या पायाशी रुळांची खडी होती, म्हणून मला हे कधी दिसले नव्हते. या नव्या जागी नुसती माती आहे, दोन-तीन पावसाळे खाऊन मुरलेली, आणि वैशाखाने तिला भेगा पाडल्या होत्या. त्या भेगा रांगत खांबाच्या बुडापर्यंत गेल्या होत्या. आणि तिथून पुढे, जमीन संपून दगड सुरू होतो तिथे न थांबता, त्याच रेघा उजव्या खांबावर चढत, कमानीच्या खांद्यावरून थेट कळीच्या दगडापर्यंत गेल्या होत्या. माती कुठे संपली आणि छिन्नी कुठे सुरू झाली, हे पटकन कळत नव्हते. कोरणारा खडी पडायच्या आधी त्या जुन्या जागी उभा राहिला असेल, तेव्हा त्याने हेच पाहिले असेल का? पुरावा नाही.

आई पुढे गेली. मला वाटले खांबापाशी थांबेल. ती थांबली नाही. वाकली, जमिनीतल्या भेगेवर बोट ठेवले, आणि घरी भिंतीवर ठेवते तसे ते बोट वर वर नेऊ लागली: मातीवरून दगडावर, सांध्यावरून सांध्यावर, हात पुरेल तिथपर्यंत. टाचा उंचावल्या. एका रेघेचे टोक तिला सापडले; त्यापुढे दगड अखंड होता. तिथे तिने बोट तसेच दाबून धरले. ती कमानीखाली उभी आहे हे तिच्या ध्यानात नव्हते. मी सांगितले नाही.

"तुमच्या आज्यानं केलं का हे?" तिने विचारले.

"व्हय."

"चुकून?"

चाचांनी तिच्या आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. "न्हाय," ते म्हणाले. त्या शब्दासाठी त्यांनी माझ्याकडे आधार मागितला नाही.

आईने अजून बोट काढले नव्हते.

"न्हायच," ती म्हणाली. "भेग काढली बी त्यांनी, आन थांबवली बी."